‘कशाला गेले होते?’

समुद्रात कुठे बोट बुडाली की बालाघाटच्या पानठेल्यांवर आणि लग्नाच्या पंगतींत एकच सवाल फिरतो: ‘कशाला गेले होते तिकडे?’ मग पुढचं आपोआप येतं. आपण वैनगंगेकाठची माणसं, समुद्र आपला नव्हे, त्याची रीत आपल्याला ठाऊक नाही, हौस नडली. असं म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची लेकरं नोकरीपायी पुण्या-मुंबईत आहेत. गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसने आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने ती तिकडे गेली आणि आता शनिवार-रविवार आला की अलिबाग, मुरुड, दापोली, तारकर्लीकडे निघतात. सवालामागे काळजी आहे, हे मला दिसतं. तरीही हा सवाल मला मान्य नाही. तो मेलेल्याला जाब विचारतो. ज्याने जास्तीची माणसं भरून बोट धक्क्यावरून सोडली, त्याला विचारायचं मात्र राहूनच जातं.

18 डिसेंबर 2024 ला गेटवे ऑफ इंडियाहून ‘नीलकमल’ नावाची लाँच घारापुरीला निघाली होती. लेणी पाहायला निघालेली माणसं होती, कुणी लेकरांना घेऊन, कुणी म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट येऊन त्या लाँचवर आदळली. 15 माणसं गेली, त्यात स्पीडबोटीवरचीही होती. या प्रवाशांनी काय चूक केली होती? तिकीट काढलं आणि बाकावर बसले. कुणी पाण्यात उडी मारली नव्हती, कुणी दारू पिऊन धिंगाणा घातला नव्हता. घारापुरी हे 1987 पासून जागतिक वारसा स्थळ आहे, सरकार स्वतः लोकांना तिथे बोलावतं. लाँचला परवानगी होती 84 प्रवाशांची आणि 6 खलाशांची, आणि त्या दुपारी तिच्यावर शंभराहून अधिक माणसं होती. अपघातानंतर तिचा परवाना निलंबित झाला आणि गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. हा आकडा आधीच्या दिवशीही 84 च होता. जॅकेटही आधीच्या दिवशी तितकंच गरजेचं होतं. तेव्हा सवाल करायचा तर तो धक्क्यावर माणसं मोजायला कोण उभं होतं, हा करायला हवा.

आमच्याकडचे जाणते लोक यावर म्हणतात, ती टक्कर होती, ते वेगळं. ठीक आहे, टक्कर सोडून देऊ. 7 मे 2023 ला केरळात तानूरला बोट उलटली, 22 माणसं बुडाली. ती मुळात मासेमारीची बोट होती, तिच्यावर मजला चढवून ती पर्यटकांसाठी वापरात आणली होती, आणि अंधार पडल्यावरही ती फेरीला निघाली होती. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत जितकी बसवायची त्याच्या जवळपास दुप्पट माणसं बसवलेली होती, आणि जॅकेट मोजक्याच मुलांच्या अंगावर होतं. ‘कशाला गेले होते’ हा सवाल त्या लेकरांना विचारून बघावा. शाळेने नेलं म्हणून ती गेली होती. आणि हरणीला समुद्र नाही, शहरातला तलाव आहे. समुद्राची भीती दाखवून आपण लेकरांना घरी ठेवलं, तरी असा तलाव प्रत्येक जिल्ह्यात आहे. आमच्याकडे गांगुलपारा आहे.

आता त्या लाडक्या वाक्याकडे येतो: समुद्र आपला नाही.

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटला वळसा घालून गोंदिया-भंडाऱ्यात उतरते, पुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मधून वाहत वर्धेला मिळते. तिथून तिचं नाव प्राणहिता. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि आमच्या शंकरघाटासमोरून गेलेलं पाणी पापीकोंडाच्या डोंगरांतून बंगालच्या उपसागरात पोचतं. याच पाण्यावर 15 सप्टेंबर 2019 ला, आंध्रातल्या कच्चुलुरूपाशी, ‘रॉयल वसिष्ठ’ ही पर्यटकांची बोट उलटली. तिच्यावर सत्तरहून अधिक माणसं होती. पन्नासच्या आसपास गेली. गोदावरीला त्या दिवशी पूर होता. पूर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, बोटीच्या मालकाच्या आणि काठावरच्या यंत्रणेच्याही. तरी बोट सुटली. महिनाभराने ती नदीच्या तळातून वर काढली तेव्हा आत मृतदेह सापडले. पूर आलेल्या नदीवर सहलीची बोट सोडायची नाही, हे आमच्या वारासिवनीच्या किंवा लांजीच्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. नदीची रीत कळणाऱ्या माणसांच्या देशात, नदीवरच, हे घडलं. तेव्हा नदी आपली आणि समुद्र परका, म्हणून नदीवर आपण सुरक्षित, हा हिशोब साफ खोटा आहे.

तो किती खोटा आहे हे याच नदीने आपल्या आणखी जवळ दाखवलं. 23 जानेवारी 2024 ला गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, वैनगंगेत डोंगा उलटला. पलीकडच्या शेतात मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायका त्यात होत्या. सहा बायका बुडाल्या. हौस नव्हती, शनिवार-रविवारही नव्हता, तो मंगळवार होता. रोजीला निघालेल्या बाया होत्या. पाणी तेच, डोंगा लाकडी, अंगावर जॅकेट नाही आणि किती बसवायचं याचा नियम नाही. त्यांच्याबद्दल ‘कशाला गेल्या होत्या’ असं कुणी म्हटलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मग घारापुरीला निघालेल्या आईबापांना आणि पापीकोंडा पाहायला निघालेल्या कुटुंबांना हा सवाल का? पोटासाठी पाण्यावर गेलेला माणूस निर्दोष आणि आनंदासाठी गेलेला दोषी, हा भेद पाणी करत नाही, आणि कायद्यातही तो नाही. भाडं भरून बोटीत बसलेल्या प्रत्येकाला सुखरूप पलीकडे पोचायचा हक्क सारखाच आहे.

मुळात हौसेला एवढं हिणवायचं कारण काय? भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत किंवा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत आयुष्य घातलेल्या माणसाच्या मुलाने सुट्टीत आईवडिलांना समुद्र दाखवावा, यात मला फक्त चांगलंच दिसतं. जन्मभर जंगल, धानाचे बांध आणि नदी पाहिलेल्या बाईने साठाव्या वर्षी मालवणच्या जेट्टीवर उभं राहून सिंधुदुर्ग पाहावा, बोटीत बसून त्या किल्ल्यात जावं, हा तिचा हक्क आहे असं मी मानतो. आपल्याकडच्या बायका तीर्थयात्रेला निघाल्या तर कुणी अडवत नाही, मग त्या वाळूत चालायला निघाल्या तर डोळे का वटारायचे? खुद्द मध्य प्रदेश सरकारने 2016 पासून हनुवंतियाला, इंदिरासागरच्या पाण्यावर, जलमहोत्सव भरवायला सुरुवात केली. म्हणजे पाण्यावर जायला आम्हाला आमचं राज्यही बोलावतं आणि शेजारचं राज्यही. बोलावणाऱ्यावर जबाबदारी येते.

दुसरं उत्तर मिळतं ते नशिबाचं. वेळ आली होती, म्हणतात. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ऐन पावसाळ्यात खचाखच भरलेली बोट निघाली होती. एवढ्या माणसांची वेळ एकाच सकाळी आली असं मानायचं की बोट सोडण्याचा निर्णय कुणीतरी घेतला होता असं म्हणायचं? याउलट 14 मार्च 2020 ला मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडायला लागली तेव्हा पोलिसांची गस्ती नौका वेळेत पोचली आणि 88 माणसं वाचली, सगळीच्या सगळी. त्या 88 जणांचं नशीब कुणी लिहिलं? जवळ गस्त होती, खलाशांनी हात चालवले, माणसं वाचली. नशिबाची गोष्ट करणारा माणूस ही घटना कधी सांगत नाही, कारण तिच्यात नशिबाला जागा उरत नाही.

बोट उलटते ती का उलटते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. बोटीचं वजन जितकं खाली, तितकी ती स्थिर. वरच्या मजल्यावर माणसं चढली की वजनाचा मध्य वर सरकतो. मग एक लाट कडेवरून आली, किंवा फोटो काढायला सगळे एका बाजूला धावले, की बोट कलते आणि परत सरळ व्हायची तिची ताकद संपलेली असते. कडेवरून पाणी आत यायला लागलं की पुढचा खेळ एखाद-दोन मिनिटांचा. इतक्या वेळात बाकाखाली दोरीने बांधलेली जॅकेटं सोडून, कुणाचं कुठलं ते पाहून, पट्टे आवळून घालणं कुणालाही जमत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही. म्हणून जॅकेट धक्क्यावरच अंगात चढलं पाहिजे. शिवाय बोट बंदिस्त असेल, काचा लावलेली असेल, तर जॅकेट घातलेला माणूसही छताला चिकटून अडकू शकतो. बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या हव्यात. मंजूर क्षमतेचा आकडा, जॅकेट, मोकळी वाट, हवामान आणि दिवसाउजेड, या पाच गोष्टी आहेत आणि पाचही पाहणं बोट सोडणाऱ्याच्या हातात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बोटींच्या सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं 2017 मध्ये छापली. तानूर त्यानंतरचं आहे, हरणी त्यानंतरचं आहे, नीलकमलही.

पर्यटकांची बाजू मी आंधळेपणाने घेत नाही. बेपर्वा पर्यटक असतात. जीवरक्षक शिट्ट्या मारत असताना आत जाणारे, पिऊन पाण्यात उतरणारे, वाळूत गाड्या घालणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्यावर दंड बसवायला माझी काहीच हरकत नाही. समुद्र अनोळखी आहे, या म्हणण्यातही तथ्य आहे, ते मी नाकारणार नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. वैनगंगेत पोहायला शिकलेल्या आमच्या पोराला तर तिथे जास्तच धोका, कारण आपल्याला पाणी येतं असं त्याला वाटतं. नदीचं पाणी एकाच दिशेने ओढतं. समुद्राची ओढ दिवसातून चारदा फिरते, भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं. ओहोटी लागलेली असताना गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकते आणि तो आत खेचला जातो. कोळ्याच्या पोराला हे आईच्या कडेवर असताना कळतं. कटंगीच्या पोराला ते कोण सांगणार?

पण या अज्ञानावरचा उपाय जाऊ नका असं म्हणणं हा नव्हे, सांगणं हा आहे. जिथे दर आठवड्याला हजारो अनोळखी माणसं पाण्याशी येतात तिथे त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, लिहिलेल्या असल्या पाहिजेत. धोक्याचा बावटा कुठला आणि तो लागला म्हणजे काय करायचं, हे हॉटेलवाल्याने खोलीची किल्ली देताना सांगितलं पाहिजे. विद्यार्थी नेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी निघण्याआधी वर्गात सांगितलं पाहिजे. अनोळखी माणूस येणार हे गृहीत धरूनच पर्यटनाचा धंदा उभा राहतो. तो आला की त्याच्या अनोळखीपणालाच गुन्हा ठरवायचं, हा अन्याय आहे.

कोकणातले काही बोटवाले म्हणतात, एवढे नियम लावले तर आमचं पोट मारलं जाईल. त्यांचं पोट मला महत्त्वाचं वाटतं. पावसाळ्यात, साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट, जलक्रीडा आणि प्रवासी फेऱ्या बंद असतात. उरलेल्या महिन्यांत, त्यातही सुट्ट्यांच्या दिवसांत, वर्षाचं कमवायचं. कर्ज काढून बोट घेतलेली, तांडेल आणि खलाशी पगारावर. म्हणून हंगामाच्या शेवटच्या दिवसांत फेऱ्यांची घाई होते. तारकर्लीला 24 मे 2022 ला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे गेले, तेव्हा हंगाम संपायला दोनच दिवस उरले होते. पण हिशोब नीट मांडला तर नियम मोडण्यात नुकसान प्रामाणिक बोटवाल्याचंच आहे. एकाने वीस माणसं बसवायची आणि त्याच भाड्यात शेजाऱ्याने पस्तीस, तर वीसवाला हंगामात बुडतो. मग तोही पस्तीस बसवू लागतो. धक्क्यावर कुणी मोजणारा उभा राहिला तर पहिला फायदा वीसवाल्याला होतो. आणि एक बोट उलटली की पुढचे कित्येक आठवडे सगळ्याच बोटी रिकाम्या उभ्या राहतात, नियम पाळणाऱ्याचीही. तेव्हा पोट मारतो तो पस्तीस भरणारा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर बोटींना परवाने देणारं सागरी मंडळ आहे. नद्या-तलावांसाठी 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय नौका कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी, विमा, सगळं त्यात लिहिलेलं आहे. कायद्यात उणीव आहे असं मला वाटत नाही. उणीव त्या माणसाची आहे ज्याने सुटायच्या आधी बोटीवर चढून डोकी मोजायची आणि जास्त असतील तर उतरवायची. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात रोज भांडण आहे, आणि ते नीट झालं तर काहीच घडत नाही, म्हणून त्याचं कौतुकही होत नाही. अपघातानंतर चौकशी समिती नेमण्यापेक्षा असा एक माणूस प्रत्येक जेट्टीवर बारा महिने पगारावर ठेवणं स्वस्त पडेल.

आमच्या पोरांनाही मी एक सांगतो, आणि ते उपदेश म्हणून नव्हे, हक्क म्हणून. बोटीच्या कडेवर क्षमतेचा आकडा रंगवलेला असतो, तो वाचा. डोकी मोजा. जास्त भरली असेल तर उतरा आणि पैसे परत मागा. जॅकेट बाकाखाली असेल तर मागून घ्या आणि सुटायच्या आधी घाला. आईला घालायला लावा, ती लाजेल, तरी लावा. वरच्या मजल्यावर गर्दी असेल तर खाली बसा, आणि खाली बसलात तर दाराजवळ बसा. सूर्य मावळल्यावर फेरी मारतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. बोटवाला वैतागेल, सोबतचे हसतील. हसू द्या. पण याने बोट सोडणाऱ्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, हेही ध्यानात ठेवा. डोकी मोजायचं काम त्याचं आहे, आणि तो ते करत नाही म्हणून तुम्हाला करावं लागतं आहे.

समुद्राकडे बोट दाखवणाऱ्या आमच्या जिल्ह्याने स्वतःच्या घाटांकडेही पाहायला हवं. वैनगंगेवर, बाघ नदीवर, काठाकाठाच्या गावांतून माणसं अजून डोंग्याने पलीकडे जातात. शेतावर जातात, बाजाराला जातात, नात्यात जातात. ढीमर नावाडी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावरच आहे, त्याच्या हाताला तोड नाही, पण त्याच्या डोंग्यात दहा माणसं आणि दोन सायकली चढल्या की त्याचा हातही काही करू शकत नाही. सहा जणांवर त्याने नको म्हटलं तर सातवा त्याच्याशी भांडतो. त्याच्यामागे गावाने उभं राहायला हवं, आणि ते गाव एरवी समुद्रातल्या मेलेल्यांना ‘कशाला गेले होते’ म्हणण्यात गुंतलेलं असतं.

बिनयंत्राच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी करावी, अशी तरतूद 2021 च्या त्याच कायद्यात आहे. पावसाळा ओसरून डोंगे पुन्हा पाण्यात उतरायच्या आधी बालाघाटच्या नगरपालिकेने आणि काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपापल्या घाटावरचे डोंगे मोजावेत, प्रत्येकाच्या कडेवर माणसांचा आकडा रंगवावा आणि नावाड्याकडे तेवढी जॅकेटं द्यावीत, पंचायतीच्या खर्चाने. शाळांनी गांगुलपाऱ्याला सहल काढताना हाच आकडा आधी विचारावा. गणपूरच्या सहा बायकांच्या डोंग्यावर हा आकडा नव्हता. तो डोंगा याच नदीवर, आपल्यापासून थोडा खाली होता.